हाकेच्या अंतरावर

शनिवार, संध्याकाळी ६

आमचा दिवस संध्याकाळी उगवतो. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, घड्याळाचा मध्यरात्री, आणि सुरियानी परंपरेतल्या ख्रिस्तसभेचा दिवेलागणीला. बायबलच्या पहिल्याच अध्यायात आधी संध्याकाळ होते, मग सकाळ. त्याच हिशेबाने माझा रविवार आज, शनिवारीच लागला आहे.

नंदोरी मागे पडली आणि समुद्रपूरचे दिवे दिसू लागले, तेव्हा समोरून कापसाने गच्च भरलेली वाहनं हिंगणघाटच्या दिशेला वळत होती. नोव्हेंबर म्हणजे वेचणीचे दिवस. मोटरसायकल अंगणात लावली, हातपाय धुतले आणि घरातल्या सगळ्यांसोबत 'रम्शा' म्हणायला बसलो. रम्शा म्हणजे सायंप्रार्थना. तुळईला टांगलेला एक बल्ब, खाली सतरंजी, मधोमध पेटवलेली समई. जवळच्या वस्तीतून खंजिरीचा आवाज येत होता. तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेची वेळही हीच. विदर्भाच्या गावात संध्याकाळ झाली की देवाचं नाव घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मी चांदा धर्मप्रांताचा धर्मगुरू. चंद्रपूर, गडचिरोली आणि वर्धा असे तीन जिल्हे या धर्मप्रांतात येतात. बिशपांचं ठाणं बल्लारपूरला. १९६२ साली पोप तेविसावे जॉन यांनी चांद्याचं काम केरळातल्या सिरो-मलबार ख्रिस्तसभेच्या सीएमआय या संन्यासी संघाकडे सोपवलं आणि १९७७ साली इथे पूर्ण धर्मप्रांत झाला. समुद्रपूर परिसरात आमची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. महिन्यातून एकदा मी मुक्कामाला येतो. तो एक दिवस इथल्या माणसांचा, आणि मीही त्यांचा.

रात्री ८

भाकर, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा. ज्यांच्या घरी उतरलोय ते काका सत्तरीचे. चार एकर कोरडवाहू, अर्ध्यात कापूस, अर्ध्यात तूर. जेवता जेवता त्यांनी विचारलं, "फादर, एक इचारू का जी?"

"विचारा ना काका."

"तुमी कधी कधी लय थकून येता. मन ठिकाण्यावर नसते. तवा तुमी जे आमाले देता, ते पुरं भेटते का, का अर्धंच?"

सतराशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेत याच प्रश्नावरून ख्रिस्ती लोकांत फूट पडली होती. रोमन राजवटीच्या छळात ज्यांनी भिऊन धर्मग्रंथ शिपायांच्या हवाली केले, अशा धर्मगुरूंनी आणि बिशपांनी दिलेले संस्कार खरे की खोटे? डोनॅटिस्ट पंथ म्हणायचा, खोटे. हात मळले की देणंही मळलं. संत ऑगस्टिनने आयुष्याची कितीतरी वर्षं या मताशी झुंज दिली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की संस्कार देणारा खरा हात ख्रिस्ताचा आहे, समोर दिसणारा माणूस कसाही असो. पुढे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ साली हीच शिकवण पक्की केली. संस्काराचं सामर्थ्य धर्मगुरूच्या पुण्याईवर अवलंबून नाही. ते ख्रिस्ताच्या कृतीतून येतं.

मी हे सगळं सोपं करून सांगितलं. काकांनी घास तोंडाजवळच थांबवला. "म्हंजे मनीआर्डरवानी झालं. पोस्टमन चांगला असो का खडूस असो, पैसे पोरानं धाडलेले. ते पुरेच भेटते."

"अगदी तसंच काका," मी म्हणालो.

पण त्या उपमेला एक दुसरी बाजू आहे. ती मला ठाऊक होती, आणि त्या क्षणी मी ती बोललो नाही.

रात्री १०

घर निजलं. माझ्यापुढे उद्याच्या प्रवचनाची वही.

मराठी बायबलात दोन शब्द आहेत आणि त्यांच्यातला फरक मी अनेकदा लोकांना सांगतो. एक 'वडील', दुसरा 'याजक'. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीत पुढारपण करणाऱ्यांना ग्रीकमध्ये 'प्रेस्बितेरोस' म्हणत. त्याचं मराठी 'वडील'. सुरियानीत 'कशीशा', त्याचाही अर्थ वडीलधारा. 'याजक' हा शब्द वेगळ्या वळणाचा. तो यज्ञ करणाऱ्याचा, वेदीपाशी उभं राहणाऱ्याचा. नव्या करारात हा शब्द यरुशलेमच्या मंदिरातल्या याजकांसाठी येतो, इब्री लोकांस पत्रात ख्रिस्तासाठी येतो, आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात व प्रकटीकरणात साऱ्या श्रद्धावंतांसाठी येतो. ख्रिस्ती मंडळीतल्या एखाद्या पुढाऱ्याच्या पदाचं नाव म्हणून तो एकदाही येत नाही.

मग मी याजक कसा? ख्रिस्तसभेचं उत्तर असं : याजक एकच आहे, ख्रिस्त. त्याने एकदाच आणि सर्वांसाठी स्वतःला अर्पण केलं. त्याच्या याजकपणात बाप्तिस्मा झालेला प्रत्येक माणूस वाटेकरी आहे. शेतात राबणारी बाई आपले कष्ट, आपलं दुःख, आपली लेकरं देवापुढे ठेवते, तेव्हा ती याजकाचंच काम करते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी काढलेल्या 'लुमेन जेंशियुम' या दस्तऐवजात हे ठामपणे मांडलं. गुरुदीक्षा मिळालेल्याचं याजकपण आणि सर्व लोकांचं याजकपण यांतला फरक केवळ कमी-जास्तपणाचा नाही, प्रकाराचाच आहे, असंही तिथे सांगितलं. आणि दोन्ही एकमेकांसाठी आहेत, हेही.

प्रकार वेगळा, याचा अर्थ मी त्या बाईपेक्षा अधिक ख्रिस्ती नाही. तिचं याजकपण जगण्याचं आहे. माझं याजकपण तिचं ते जगणं वेदीपर्यंत नेण्यासाठी आणि वेदीवरून मिळालेलं तिच्यापर्यंत पोचवण्यासाठी आहे. ती नसेल तर मला काही कामच उरत नाही. वहीत मी एवढंच लिहिलं आणि दिवा मालवला.

रविवार, पहाटे ५

'सप्रा', म्हणजे सकाळची प्रार्थना. गोठ्यात बैलाच्या गळ्यातली घंटा वाजतेय. बाहेर गारठा.

या वेळी मला हमखास गुरुदीक्षेचा दिवस आठवतो. मी दोन्ही गुडघ्यांवर होतो. डायोनिशियसच्या नावाने चालत आलेल्या, पहिल्या सहा शतकांतल्या एका ग्रंथात नोंद आहे की डिकन, म्हणजे धर्मगुरूच्या आधीच्या पायरीवरचा सेवक, एका गुडघ्यावर बसतो आणि धर्मगुरू दोन्ही. जबाबदारी वाढते तसा माणूस अधिक वाकतो, असा मी त्याचा अर्थ घेतो. मग बिशपांनी माझ्या डोक्यावर उजवा हात ठेवला. तो हात जड होता, हे मला अजून आठवतं. त्या हाताखाली आणि त्यासोबतच्या प्रार्थनेत संस्कार घडतो. मध्ययुगात पश्चिमेकडे बरेच जण समजत की पेला आणि तबक हातात दिल्याने माणूस धर्मगुरू होतो. १९४७ साली पोप बारावे पायस यांनी आपल्या लॅटिन ख्रिस्तसभेसाठी तो वाद मिटवला : हात ठेवणं आणि प्रार्थना, एवढंच मुळाचं.

याचा मला फार आधार वाटतो. धर्मगुरूपण मी कमावलं नाही, परीक्षा देऊन मिळवलं नाही, आईबापांच्या वारशाने माझ्याकडे आलं नाही. ज्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, त्यांच्या डोक्यावर कोणीतरी ठेवला होता. ती साखळी प्रेषितांपर्यंत जाते, अशी आमची श्रद्धा. एकदा ती खूण आत्म्यावर उमटली की पुसली जात नाही. माणूस पद सोडून गेला तरी पुसली जात नाही. म्हणूनच ती मिरवायची गोष्ट नाही. जन्मभराचं देणं आहे ते.

सकाळी ७

ओसरीवर लाकडी टेबल, त्यावर धुतलेलं पांढरं कापड. त्या कापडाच्या मधोमध मी पिशवीतून काढून एक लहान पाटी ठेवली. तिला 'तबलीथा' म्हणतात. बिशप तिला पवित्र तेलाने अभिषेक करतात, आणि जिथे अभिषेक झालेली वेदी नाही तिथे हीच वेदी होते. हाताच्या पंजापेक्षा थोडी मोठी, कडा घासून गुळगुळीत झालेल्या. ती ठेवली की या शेणाने सारवलेल्या ओसरीवर बिशप हजर असतात. मी स्वतःच्या नावाने काही करायला आलेलो नाही, हे ती पाटी मला दर वेळी सांगते. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याने आपल्या पत्रांत हेच बजावलं होतं, की बिशपला सोडून कोणीही ख्रिस्तप्रसादाचा विधी करू नये.

आधी ज्यांना पापनिवेदन करायचं होतं त्यांच्यासाठी बाजूच्या खोलीत बसलो. तिथे जे ऐकलं ते तिथेच राहिलं. ते मोडण्याची मुभा पोप महोदयांनाही देता येत नाही.

मग कुर्बाना. आमच्या मिस्सेला, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या विधीला, हेच नाव आहे. अर्पण आणि जवळ जाणं हे दोन्ही अर्थ त्या शब्दाच्या मुळात आहेत. गिरडच्या दर्ग्याला जाणारी माणसं इथे पुष्कळ, त्यामुळे कुर्बानी हा शब्द समुद्रपूर तालुक्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दोन्ही शब्दांचं मूळ एकच.

वाचन आणि प्रवचन लोकांकडे तोंड करून झालं. अर्पणाच्या मुख्य भागात मी वेदीकडे वळलो. आता माझा आणि लोकांचा चेहरा एकाच दिशेला, पूर्वेच्या भिंतीकडे. मी त्यांच्यातलाच, फक्त एक पाऊल पुढे. आणि तिथेच, भाकरीवर आणि पेल्यावर शेवटच्या भोजनाचे शब्द उच्चारताना, 'माझं' हा शब्द माझ्या तोंडी येतो. ते 'माझं' माझं नसतं. शरीर त्याचं, रक्त त्याचं, बोलणं त्याचं. उसना फक्त माझा आवाज. ख्रिस्तसभा म्हणते, धर्मगुरू इथे ख्रिस्ताच्या ठायी उभा राहतो. इतक्या वर्षांत तो शब्द मला सहज म्हणता आलेला नाही, आणि तो कधी सहज होऊ नये अशी माझी प्रार्थना आहे.

शांतीची देवाणघेवाण झाली ती पाहण्यासारखी. वेदीपाशी मी सोबतच्या मुलाच्या जोडलेल्या हातांना हात लावले, त्याने पहिल्या रांगेतल्या काकांच्या, काकांनी आजींच्या, असं करत करत ती दाराशी उभ्या सुनेपर्यंत पोचली. कापूस वेचून तिच्या बोटांना बोंडांच्या टोकांचे ओरखडे पडलेले. तिथून शांती परत फिरली नाही. ती बाहेर गेली, गोठ्याकडे, रस्त्याकडे.

सगळं आवरल्यावर धर्मगुरूने हलक्या आवाजात वेदीचा निरोप घ्यायचा असतो. पुन्हा अर्पण करायला मी इथे येईन की नाही हे मला ठाऊक नाही, अशा अर्थाची ती प्रार्थना आहे. ती म्हणताना मी तबलीथाला हात लावतो आणि मग कापडात गुंडाळतो.

दुपारी १२

पाच मुलं, दोन मुली. धर्मशिक्षणाचा तास चिंचेखाली.

एका मुलाने विचारलं, "फादर, तुमी लगन काहून नाही केलं?" मी त्यांना पवनारचं उदाहरण दिलं. १९५९ साली विनोबांनी धाम नदीकाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, तिथे बहिणींनी ब्रह्मचर्याचं व्रत घेऊन सामूहिक साधना आरंभली. वर्धा जिल्ह्यातल्या मुलांना हे चटकन समजतं : कोणी एक घर बांधत नाही, कारण त्याला पुष्कळ घरांचं व्हायचं असतं. हेही सांगितलं की ब्रह्मचर्य हा धर्मगुरूपणाचा गाभा नाही, ख्रिस्तसभेचा नियम आहे. पूर्वेकडच्या कित्येक कॅथॉलिक ख्रिस्तसभांत लग्न झालेल्या पुरुषालाही गुरुदीक्षा मिळते.

मग मोठ्या मुलीने विचारलं, "आणि मुली काहून होत नाही फादर?"

टाळाटाळ करण्यासारखा प्रश्न नव्हता. येशूने बारा प्रेषित पुरुषच निवडले, तेव्हा हे बदलण्याचा अधिकार ख्रिस्तसभेला नाही, असं १९९४ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी निक्षून सांगितलं. स्त्रियांच्या डिकनपदाबाबत अभ्यास करायला पोप फ्रान्सिस यांनी २०१६ आणि २०२० साली समित्या नेमल्या. दोन्ही गोष्टी मी तिला सांगितल्या. तिचं समाधान झालं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मी म्हणालो, "प्रश्न सोडू नको. पण हे लक्षात ठेव, बाप्तिस्म्याने तुला जे याजकपण मिळालंय ते आजपासून वापर. त्याला कोणाची सही लागत नाही." ते कसं वापरायचं, हे मी एका बाईकडून शिकलो. दुपारी तिच्याच घरी जायचं होतं.

दुपारी ३

जामच्या बाजूला एक वस्ती आहे. तिथल्या एका घरासमोर मी दर महिन्याला गाडी उभी करतो.

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्री साडेनऊला फोन आला. बाबांचं काही खरं दिसत नाही, फादर, येता का? पाऊस लागला होता. मी म्हणालो, रस्ता खराब आहे, पहाटे निघतो. रस्ता बंद नव्हता. मी थकलो होतो. सकाळी सातला पोचलो तेव्हा बाबा जाऊन दोन तास झाले होते.

त्या रात्री त्यांची मुलगी एकटी उशाशी बसली होती. तिने बाबांच्या हातात क्रूस दिला, त्यांचा हात आपल्या हातात घेतला, प्रभूची प्रार्थना म्हटली, पुन्हा पुन्हा म्हटली, येशूचं नाव त्यांच्या कानात सांगितलं, कपाळावर अंगठ्याने क्रूसाची खूण केली. मला पाहून ती पहिलं वाक्य हे बोलली : "फादर, मी काही चुकीचं तं नाही केलं ना?"

तिने काहीही चुकीचं केलं नव्हतं. बाप्तिस्म्याचं याजकपण म्हणजे काय, हे मी पुस्तकांत वाचलं होतं. त्या सकाळी ते प्रत्यक्ष पाहिलं. पण एक गोष्ट तिच्या हातात नव्हती. आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार, ज्याचा आधार याकोबाच्या पत्रात आहे आणि ज्यात पापांची क्षमाही मिळते, तो फक्त धर्मगुरू आणि बिशप देऊ शकतात. २००५ साली रोमने हे पुन्हा स्पष्ट केलं. ते तेल बल्लारपूरच्या रस्त्यावर, माझ्या पिशवीत होतं.

काल रात्री काकांना न सांगितलेली दुसरी बाजू ती हीच. पोस्टमन खडूस असला तरी पैसे पुरे मिळतात. पण तो दारापर्यंत आलाच नाही तर? माझी अपात्रता संस्काराला अडवू शकत नाही. माझी गैरहजेरी अडवू शकते. ट्रेंटची शिकवण लोकांच्या रक्षणासाठी आहे, आमच्या बचावासाठी नाही. धर्मगुरूंच्या पापांनी किती माणसं घायाळ झाली आहेत हे जग जाणतं; त्या जखमांवर या शिकवणीचं पांघरूण घालणं म्हणजे तिचीच विटंबना.

त्या बाबांचं काय झालं, याची मला भीती वाटत नाही. देव आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. ज्याच्या कानात लेकीने येशूचं नाव सांगितलं त्याला तो दाराबाहेर ठेवणार नाही. देव बांधलेला नाही. मी बांधलेला आहे.

आज तिने चहा केला. तिची आत्या आता अंथरुणाला खिळलीय, बोलणं बंद. मी तेल आशीर्वादित केलं. पौर्वात्य परंपरेत ते धर्मगुरूच करतो. मग अंगठा तेलात बुडवून कपाळावर क्रूस काढला. मुलीने आत्याचा हात धरला होता आणि प्रार्थना माझ्याआधी तीच म्हणत होती. मी तिच्या मागोमाग म्हणत गेलो. तेलाचा एक ओघळ भुवईपर्यंत आला, तो तिने पदराने टिपला. आत्याचे डोळे उघडे होते.

संध्याकाळी ६

काकांच्या घरी परतलो, पिशवी भरली. तबलीथा, पुस्तक, पेला, कापड. अंगणातच उभ्याने रम्शा म्हटली आणि सोमवार सुरू झाला.

निघताना काकांना ती दुसरी बाजू सांगितली, श्रावणातल्या रात्रीसकट. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "रातच्याले फोन केला तं येसान ना जी?"

"येईन."

तेलाची कुपी मी पिशवीत ठेवली नाही, शर्टाच्या खिशात ठेवली. फोनचा आवाज मोठा केला. मग गाडीला किक मारली.